नाव कोणाकडून कळलं

"पदर घ्या हो, पदर! मामंजी उठले!"

सोपान काळेलांची ही आरोळी आली की आमच्या छावणीतले सातही जण हातातलं काम टाकायचे, कोटाची टोपी डोक्यावर ओढायचे आणि तंबूंचे दोर आवळायला धावायचे. सात दाढीवाले बाप्ये, त्यांतले दोघे चांगले डॉक्टरेट मिळवलेले, आणि पदर कसला घेताय! पण एकदाही कुणी म्हटलं नाही, की काळेल, गंमत पुरे आता. कारण दोन-अडीच तासांत वारा यायचाच. आणि अंटार्क्टिकातला वारा म्हणजे आपल्याकडचा वारा नव्हे, महाराजा. तो सुटला की उभ्या माणसाला आडवं करतो, आणि आपला हात आपल्याला दिसत नाही.

गोष्ट ऐंशीच्या दशकातली. मी तेव्हा एकोणतीस वर्षांचा होतो. सर्व्हे खात्यातला मोजणी अधिकारी, यशवंत बिवलकर, गाव चिपळूणजवळ. काळेल माझे खलाशी. आता खलाशी म्हटलं की लोकांना बोटीवरचा वाटतो. आमच्या खात्यात खलाशी म्हणजे दुर्बिणीचं ओझं डोंगरावर नेणारा, खुणेचे दगड रचणारा, निशाण धरून उन्हात तासन्‌तास उभा राहणारा माणूस. काळेलांनी अशी सत्तावीस वर्षं काढली होती. माण तालुक्यातले, म्हसवडच्या पुढच्या एका वाडीचे. वय पन्नाशीच्या पुढं, अंगानं काटकुळे. जहाजावर चढताना त्यांच्या ट्रंकेत सरकारी गरम कपड्यांच्या खाली घडी घातलेला एक तांबडा पटका होता. मी विचारलं, "हा कशाला हो तिकडे?" तर म्हणाले, "आसू द्या साहेब. डोक्याला सवय हाय."

मामंजी म्हणजे आमच्या छावणीसमोर, वीस किलोमीटरवर बर्फातून वर आलेला एक काळा डोंगर. नकाशावर त्याला नाव नव्हतं, नुसता एक त्रिकोण होता. एरवी तो बसका दिसायचा, मांडी घालून बसलेल्या म्हाताऱ्या माणसासारखा. पण काही दिवशी बघता बघता लांबायचा. कमरेखालचा भाग ताणला जायचा, डोकं वर जायचं, आणि मांडी मोडून हा गडी उभाच राहिलाय असं वाटायचं. आमच्या शास्त्रज्ञांनी त्याचं कारण सांगितलं. जमिनीलगत अतिथंड हवेचा थर साचला की त्यातून येणारा प्रकाश वाकतो, म्हणून डोंगर आहे त्यापेक्षा उंच दिसतो, आणि मग तीच थंड हवा उतारावरून घसरत येते, तोच वारा. कारण त्यांनी सांगितलं खरं, पण डोंगर उठला की वारा येतो हे पहिल्या आठवड्यात ओळखलं ते काळेलांनी. नावही त्यांनीच पाडलं.

आम्ही हसलो होतो. सासरे ओसरीवरून उठले की सुनेनं पदर सावरायचा, तशी ही गंमत. मीही तेवढंच समजलो. पुढं सात वर्षं तेवढंच समजत राहिलो.

आता खात्याचा एक नियम सांगतो, कारण सगळं त्याच्यावरच येऊन थांबणार आहे. मोजणीदारानं डोंगराला, ओढ्याला, वाडीला स्वतः नाव ठेवायचं नसतं. तिथं राहणाऱ्यांना विचारायचं असतं. एकाला नाही, तिघांना. ते जे म्हणतात ते जसंच्या तसं लिहायचं. त्यासाठी एक छापील तक्ता असतो: नाव, जागा, उंची आणि शेवटचा रकाना, "नाव कोणाकडून कळलं". तिथं सांगणाऱ्याचं नाव लागतं. मेळघाटात माझ्या पहिल्याच मोसमात मी एक रकाना मोकळा ठेवला होता, तर माझ्या साहेबांनी मला बारा मैल परत पाठवलं होतं. "कुणीतरी त्याला हाक मारत असेल ना? जा, विचारून ये."

पण अंटार्क्टिकात विचारणार कुणाला? तिथं ना पाटील ना कोतवाल. तिथं नावं देतात मोहिमा. आणि आमच्या तुकडीला एक नाव सुचवायचा हक्क मिळाला होता.

आमचे प्रमुख डॉक्टर केणी. गोव्याचे, भूगर्भवाले, मोठ्या मनाचा आणि मोठ्या आवाजाचा माणूस. एकदा जेवताना त्यांनीच विषय काढला.

"बिवलकर, हा समोरचा डोंगर या रांगेत सगळ्यात उंच निघाला, तर त्याला तुझं नाव लावू. बिवलकर शिखर! पहिल्यांदा मोजणाऱ्याचं नाव देतात, जगभर देतात. कसं वाटतं?"

कसं वाटतं काय विचारता! माझ्या हातातला चमचा तसाच राहिला. माझे वडील, आप्पा, गावच्या शाळेत बत्तीस वर्षं भूगोल शिकवत होते. एका विरलेल्या जगाच्या नकाशावर वेताची छडी फिरवायचे, आणि त्या नकाशाचा खालचा भाग उंदरांनी खाल्लेला होता, म्हणून म्हणायचे, "इथं अंटार्क्टिका आहे असं समजा." त्या तिथं आमचं आडनाव छापलं जाणार होतं. मी हुरळलो. सरळ सांगतो, पार हुरळलो.

इतका, की थांबलोसुद्धा नाही. आठवड्यातून एकदा बिनतारी यंत्रावरून घरी दोन ओळी धाडता यायच्या. मी धाडल्या: "आप्पा, इथल्या डोंगराला आपलं नाव लागणार. बिवलकर शिखर." पुढच्या आठवड्यात उत्तर आलं. आमचा यंत्रवाला यंत्र कानाला लावून ऐकलेलं मोठ्यानं सांगायचा, त्यामुळे सगळ्यांनी ऐकलं: "शाळेच्या दर्शनी फळ्यावर लिहिले आहे. कुणाला पुसू देत नाही. आप्पा."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. काळेलही हसले. पण मग तंबूबाहेर मला हळूच म्हणाले, "साहेब, आजून मोजलं कुठंय?"

"मोजू की. त्यात काय?"

शेजारचा एक सुळका मी आदल्या आठवड्यात मोजला होता. दोन हजार एकशे बारा मीटर. मामंजी त्याच्यापेक्षा उंच भरायला हवे होते. डोळ्यांना तर दोघे सारखेच दिसायचे.

मोजायला छावणीपासून दीड किलोमीटरवर एक खडकाचा उंचवटा होता, तिथं जायचं. सात दिवस ढगांनी जागा सोडली नाही. आठव्या दिवशी उघडलं. तीन दिवसांनी हेलिकॉप्टर येऊन आम्हाला जहाजाकडे नेणार होतं, म्हणजे हीच काय ती संधी. मी दुर्बिणीची पेटी आणि तिकाटणं, म्हणजे दुर्बिणीची तीन पायांची घोडी, घसरगाडीवर ठेवलं. काळेल डोंगराकडे बघत उभे होते.

"साहेब, आज ऱ्हाऊ द्या. मामंजी उठाय लागल्यात."

"कुठं उठलेत? नीट तर बसलेत."

"गुडघ्यावर हात ठेवलाय त्यांनी. बघा नीट."

"काळेल, आत्ता साडेबारा झालेत. दोन वाजता कोन घ्यायचे म्हणजे घ्यायचे. तुम्ही यायचं नसेल तर राहा, मी एकटा जातो."

असं म्हटल्यावर ते कसले राहतायत! निघताना मी बजावलं, "वाटेवर निशाणं लावत बसू नका, वेळ जातो. कामट्यांचा भारा इथंच ठेवा." ते घसरगाडीवर वाकून तिकाटणं बांधत होते. मी पुढं झालो. ते घसरगाडी ओढत मागं. दीड किलोमीटरमध्ये मी एकदाही मागं वळून पाहिलं नाही, नुसता ओरडत होतो, "चला, चला, उरका." त्यांना वेळ का लागतोय म्हणून मनात चरफडतही होतो.

दोन वाजता कोन घेतले. इथं माझ्या चुकीचं मूळ आहे, म्हणून सांगतो. डोंगराची उंची काढायचे उभे कोन दुपारी बारा ते तीनमध्ये घ्यायचे, हे आमच्यात पहिल्या दिवशी शिकवतात. आपल्याकडे तेव्हा जमीन तापलेली असते, हवा नीट घुसळलेली असते, आणि प्रकाश सगळ्यांत कमी वाकतो. मी घड्याळात दोन बघितले आणि निर्धास्त झालो. दुर्बिणीत डोंगर कसा दिसतोय ते बघितलं नाही. म्हणजे बघितलं, पण उंच दिसतोय म्हणून मला आनंदच झाला.

शेवटचा आकडा वहीत लिहिला आणि काळेल म्हणाले, "आता पेटी झाका साहेब. उभं ऱ्हायले."

मी मान वर केली. डोंगर सरळ ताठ उभा होता. त्याच्या पायाशी पांढरी धूळ उठली होती आणि आमच्याकडे येत होती.

वारा आला तेव्हा आम्ही उंचवट्यावरून जेमतेम खाली उतरलो होतो. घसरगाडी उलटली. समोरचं सगळं गेलं, छावणी गेली, आभाळ गेलं, माझे पाय गेले. तोंडातून शब्द निघाला की वारा तो तिथंच गिळायचा.  मी काळेलांच्या कानाला तोंड लावून ओरडलो, "आता कसं जायचं? वाट कुठंय?"

त्यांनी माझा हात धरला आणि खाली नेला. हाताला काहीतरी लागलं. कामटी. आणि कामटीला बांधलेली चिंधी, तांबडी.

"भारा घेतलावता म्या," ते ओरडले. "तिकाटण्याखाली!"

"कापड कुठलं?"

 विचारता विचारताच मला कळलं. छावणीतलं निशाणांचं तांबडं कापड केव्हाच संपलं होतं.

"अंतर किती ठेवलंय?"

"फितीएवढं!"

तीस मीटर! सत्तावीस वर्षं साखळी आणि फीत ओढलेला माणूस, त्याची पावलं दुसरं अंतर मोजतच नव्हती. मग आम्ही मोजणीची फीत काढली. काळेल कामटी धरून बसायचे, फितीचं एक टोक त्यांच्या मनगटाला बांधलेलं. दुसरं टोक घेऊन मी वारा उजव्या कानावर ठेवून रांगत पुढं जायचो. फीत ताणली की डावीउजवीकडे चाचपडायचो. कामटी सापडली की फितीला तीन झटके. मग ते यायचे. पुन्हा पुढची. पन्नास कामट्या. आम्हाला दीड किलोमीटरला किती वेळ लागला म्हणता? साडेतीन तास. एकतिसाव्या कामटीवर मी रडलो. काळेलांनी माझ्या पाठीत एक धपाटा घातला, लहान पोराला घालतात तसा, आणि फीत पुन्हा माझ्या हातात दिली.

छावणीत आलो तेव्हा त्यांच्या डाव्या हाताची दोन बोटं पांढरीफटक पडली होती. चिंध्या बांधायला त्यांनी जाताना प्रत्येक ठिकाणी हातमोजा काढला होता. डॉक्टर केणींनी कोमट पाण्यात हात धरला. दोन्ही बोटांची पेरं पुढं काळी पडली आणि जहाजावर कापावी लागली. पण ते नंतरचं. त्या दिवशी काळेल नुसते म्हणाले, "चहा आसंल तर द्या."

मला वाटतं त्या दिवशी मी नुसता झोपलो असतो तर बरं झालं असतं. पण नाही. हात शेकले आणि मी गणित करायला बसलो. दोन हजार एकशे अठ्ठावीस! शेजारच्या सुळक्यापेक्षा सोळा मीटर जास्त.

डॉक्टर केणींनी मला मिठीच मारली. "झालं तर मग! बिवलकर शिखर! भर तो तक्ता."

वारा दोन दिवस चालला. तक्ता माझ्यासमोर होता. नाव लिहिलं नव्हतं, उंची लिहिली होती. काळेल कोपऱ्यात बांधलेला हात मांडीवर घेऊन बसलेले. बराच वेळ बघून म्हणाले, "साहेब, एक बोलू?"

"बोला."

"ते उठल्यावर मोजलंत तुम्ही."

"दुपारी दोनला मोजलंय, काळेल. नियमात आहे."

"हितं कसली दुपार, साहेब? सूर्य नुसता गोल फिरतोय. मावळत न्हाई आन् तापवत बी न्हाई."

मी भडकलो. काय काय बोललो ते आता सांगायचीही लाज वाटते. तुमचं काम पेटी उचलायचं, असं बोललो. ज्याच्या पटक्याच्या चिंध्या धरून जिवंत आलो त्या माणसाला! काळेल रागावले असते तर बरं वाटलं असतं, पण ते रागावले नाहीत. मी कूस वळवून पडून राहिलो, आणि मला पडल्या पडल्या कळत होतं की हा माणूस म्हणतोय ते शंभर टक्के खरं आहे. आणि डोळ्यांपुढं शाळेचा फळा होता.

तिसऱ्या दिवशी सकाळी वारा पडला. हेलिकॉप्टर अकराला येणार होतं. मी सातला उठलो आणि पेटी घसरगाडीवर ठेवली. बघतो तर काळेल बुटांचे बंद एका हातानं बांधतायत.

"तुम्ही कुठं?"

"छत्री कोण धरणार?"

दुर्बिणीवर ऊन पडू नये म्हणून खलाशी छत्री धरतो. त्या उन्हात काही दम नव्हता, पण त्यांनी धरली. तांबड्या चिंध्यांच्या वाटेनंच गेलो. मामंजी बसलेले होते, पार टेकून, निवांत. मी कोन सहा वेळा घेतले. तिथंच दगडावर बसून गणित केलं. दोन हजार एकशे तीन. सुळक्यापेक्षा नऊ मीटर कमी.

"किती?" काळेलांनी विचारलं.

मी आकडा सांगितला.

"आता बरोबर आसंल," ते म्हणाले आणि छत्री मिटली.

छावणीत सामान बांधून झालं होतं. डॉक्टर केणींनी वही बघितली आणि कपाळाला हात लावला. "तुला कुणी सांगितलं होतं रे पुन्हा मोजायला?" मग माझा चेहरा बघून त्यांना दया आली. "जाऊ दे. सगळ्यात उंच नसेना का. तरी तुझंच नाव सुचवू. मी सही करणार ना? लिही बिवलकर शिखर, आणि तो शेवटचा रकाना सोड मोकळा. इथं कोण बसलंय सांगणारं?"

म्हणजे बघा, नाव अजूनही माझं होऊ शकत होतं. मी पेन उघडलं. 'बि' लिहिण्यासाठी टेकवलंही.

डॉक्टर केणी घड्याळाकडे बघत तंबूच्या दाराशी गेले आणि बाहेर असलेल्या यंत्रवाल्याला ओरडून म्हणाले, "अरे, हेलिकॉप्टर येईल ना वेळेवर? मामंजी काय म्हणतायत?"

"बसल्यात सर!" काळेलांनीच उत्तर दिलं.

"मग काळजी नाही."

मी पेन टेकवलेलं तसंच धरून बसलो. मला मेळघाटातले साहेब आठवले. कुणीतरी त्याला हाक मारत असेल ना? जा, विचारून ये. विचारायला जायचंसुद्धा नव्हतं. दोन महिने त्या डोंगरासमोर राहणारी सातही माणसं त्याला एकाच नावानं हाक मारत होती. आमचे प्रमुखसुद्धा. आणि मीसुद्धा.

मी आधीचा आकडा खोडला आणि लिहिलं: मामंजी. उंची २१०३ मीटर. नाव कोणाकडून कळलं: सोपान रामा काळेल, खलाशी.

डॉक्टर केणींनी वाचलं. आधी हसले, मग त्यांनी एकदा काळेलांच्या हाताकडे बघितलं आणि सही केली.

आता आप्पांचं. मी गावी गेलो ते संध्याकाळच्या गाडीनं. आप्पा ओटीवर वाट बघत होते. मी सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. ते ऐकत राहिले. शेवटी एवढंच विचारलं, "पुन्हा मोजलंस?"

"मोजलं."

"किती भरलं?"

"दोन हजार एकशे तीन."

दोन दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. दुखावले होते, आणि का नसावेत? तिसऱ्या दिवशी शाळा भरायच्या आधी ओला फडका घेऊन गेले. मीही मागून गेलो. त्यांनी स्वतः 'बिवलकर शिखर' पुसलं, फळा वाळू दिला, आणि त्याच वळणदार अक्षरात लिहिलं: मामंजी, २१०३ मी. खडू ठेवून हात झटकले आणि म्हणाले, "आकडा चुकीचा शिकवता येत नाही."

सरकारी कागद सरकत सरकत नकाशा छापून यायला सात वर्षं लागली. तोवर आप्पा गेले होते. काळेल सेवानिवृत्त होऊन वाडीला गेले होते. मी नकाशाची गुंडाळी आणि त्या जुन्या तक्त्याची माझ्याजवळची प्रत घेतली आणि म्हसवडला एसटीनं गेलो. पुढं तीन मैल पायी.

दगडी भिंतींचं, धाब्याचं बसकं घर. दाराशेजारी एक मोठा गुळगुळीत झालेला धोंडा. काळेल मला बघून अर्ध्या वाटेत धावत आले. त्यांच्या बायकोनं पाणी आणलं, घोंगडं अंथरलं. मी अंगणात नकाशा पसरला, कोपऱ्यांवर खडे ठेवले.

"हे बघा. हा बर्फ. ही आपली छावणी होती. आणि हे..."

काळेलांना वाचता यायचं, हळूहळू. त्यांनी आखूड बोट अक्षरांवरून फिरवलं आणि पुन्हा पहिल्या अक्षरावर आणलं.

"काय लिवलंय वं?" बाईंनी दारातून विचारलं.

"मामंजी," मी म्हणालो.

बाईंचा हात आपसूक डोक्याकडे गेला आणि त्यांनी पदर पुढं ओढला. मग स्वतःच हसल्या. "आगं बया! सवय मेली जात न्हाई."

मग तक्ता वाचून दाखवला. शेवटचा रकाना मोठ्या अभिमानानं वाचला: नाव कोणाकडून कळलं, सोपान रामा काळेल.

"ह्यांच्याकडनं?" बाई म्हणाल्या. "ह्यांचे कसले मामंजी? ह्यांचा तर बाप. हे आबा म्हनायचे. मामंजी माझे!"

मी काळेलांकडे बघितलं. हे इतक्या वर्षांत माझ्या डोक्यात आलंच नव्हतं.

"खरं हाय साहेब," ते म्हणाले. "तिचंच म्या उचललं. नऊ-नऊ म्हैनं आपण तंबूत. घरातलं काय कळायचं ते हिच्या पत्रातनं. शाळेच्या मास्तराकडनं लिहून घ्यायची."

"काय लिहायच्या?"

"काय ल्ह्यायचं?" बाई म्हणाल्या. "चार पोरं, म्या एकटी, आन् हे कुठं जंगलात. मामंजी ह्या धोंड्यावर बसून आसायचे, सकाळधरनं दिवेलागणीपतुर. ते बसल्यालं आसलं की घर निवांत. उठलं की समजायचं, वावटळ येतीया न्हाईतर कोण आडदांड येतोय वाटंनं. मग म्या वाळत घातल्यालं धान आन् पोरं आत घ्यायची. म्हनून दर पत्रात शेवटाला तेवढंच ल्ह्यायला सांगायची. मामंजी दारात बसल्यालं हायती. काळजी नसावी."

"सत्तावीस वर्षं," काळेल म्हणाले. "तेवढी वळ वाचली की मग म्या झोपायचो."

 आम्ही बाकीचे तिथं ज्याला विनोद म्हणून हसत होतो, तो या माणसाचा उशाशी घेऊन झोपायचा आधार होता. त्या बर्फात रोज उठून त्यानं आधी काय बघितलं असेल, ते मला तेव्हा कळलं. 

"आन् मामंजींचा पटका," बाई नवऱ्याकडे बोट दाखवून म्हणाल्या, "जपून आणतो म्हनून घिऊन गेले, आन् फाडून आले! इचारलं तर म्हनत्यात, कामाला आला."

"आला की," काळेल म्हणाले.

मी खिशातून पेन काढलं. तिघांना विचारायचं असतं आणि मी एकालाच विचारलं होतं, तेही अर्धवट. तक्त्यावर शेवटच्या रकान्यात काळेलांच्या नावाच्या वर जरा जागा होती.

"बाई, तुमचं नाव सांगा."

"माझं? कशाला?"

"नाव तुमच्याकडून कळलंय. तसं लिहावं लागतं."

त्या लाजल्या. "कोंडाबाई. म्होरलं ह्यांनाच सांगू द्या."

"सोपान काळेल," काळेलांनी मोठ्यानं, हजेरी द्यावी तसं सांगितलं.

मी नीट अक्षरात लिहिलं. परत गेल्यावर खात्याला दुरुस्तीचं पत्रही धाडलं, आणि दुरुस्ती नोंदल्याची पोच आली.

कोंडाबाई नकाशाजवळ येऊन उकिडव्या बसल्या. त्यांनी त्या काळ्या त्रिकोणावर बोट ठेवलं आणि शेजारच्या कोऱ्या पांढऱ्या कागदावरून हात फिरवला.

"तितं मानसं ऱ्हात्यात व्हय आजून?"

"दर वर्षी जातात. घरापासून लांब, चार-चार महिने."

त्यांनी थोडा विचार केला. धोंड्याकडे बघितलं, मग पुन्हा नकाशाकडे.

"मग मामंजी हायती तितं दारात," त्या म्हणाल्या. "त्यांच्या बायकांस्नी कळवा म्हनावं. काळजी नसावी."